डावं मनगट

प्रिय चिमणे,

पंप दुरुस्त करून पोट भरण्यात माझी चाळीस वर्षं गेली. शाळा सातवीत सुटली, पुढचं कानांनी शिकवलं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंपाला, मूठ कानाला, की आत काय बिघडलंय ते कळायचं. पण तुझ्या आईच्या हृदयाला जोडलेल्या त्या एवढ्याशा पंपापुढे मी हात टेकले. छातीला कान लावला तर धडधड नाही, नुसती बारीक, अखंड घूं. पान्हापण आणलात का, आई म्हणाली.

डॉक्टरांनी समजावलं. हृदय रक्त ढकलतं ते ठोक्याठोक्याने, हा पंप सोडतो सलग धार. रक्त सगळीकडे पोचतं, पण नाडी हाताला लागत नाही. मागच्या तपासणीत नवी नर्स मनगट चाचपता चाचपता पांढरीफटक पडली. आई म्हणाली, बसा बाई, मी अशीच जिवंत असते. मी हसलो. दोन जिने चढून आलेली, माझ्याशी भांडायला तयार, आणि मनगट गप्प.

नाडी लागत नाही हे तुला कळलं तेव्हा मी दारातच होतो. लहानपणी तू तिच्या डाव्या मनगटावर बोटं ठेवल्याशिवाय झोपायची नाहीस. दवाखान्यातही सवयीने तसंच धरलंस, चटकन हात मागे घेतलास, आणि गाडीची वेळ झाली म्हणालीस. गाडीला तीन तास होते. त्याला आता पाच महिने झाले. फोनवर औषधांचं विचारतेस, यायचं नाव काढत नाहीस.

रक्तवाहिन्यांनाही ठोक्यांची सवय असते म्हणे. सलग धारेने त्या ताठरू शकतात. तिचं हृदय थोडं सावरलंय, म्हणून परवा डॉक्टरांनी पंपाचा वेग जरा उतरवला, हृदयालाही थोडं स्वतः ढकलू द्यायला. घरी आल्यावर मी कान लावून बसलो. घूं, घूं, आणि आत कुठेतरी दार उघडावं तसं, टप्प. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा. जन्मभर यंत्रं ऐकली, पण यंत्राच्या मागून माणूस ऐकू आलं ते पहिल्यांदाच.

तो ठोका टिकेल की नाही, डॉक्टरही सांगत नाहीत. तुझ्या बोटांना सापडेलच, असं मीही म्हणत नाही. तरी एकदा येऊन तिचा हात धर, एवढ्यासाठी हे पत्र. ती स्वतः बोलणार नाही. पण तू गेल्यापासून ती घड्याळ उजव्या हातात बांधते. विचारलं तर म्हणते, डावीकडे पट्टा टोचतो.

तुझाच,
बाबा