ताटातून उचललेली भाकर

माय, तू जाऊन इतकी वर्षे झाली, तरी आज जठारपेठेतील माझ्या घरात तुझा हात पुन्हा दिसला. नात बाळंतपणासाठी आमच्याकडे आली आहे. तिच्या पोटातील बाळ वाढायला हवे तेवढे वाढलेले नाही. डॉक्टरीणबाई दर पंधरवड्याला त्याची वाढ मोजतात, मधल्या काळात नाळेतील रक्तप्रवाह तपासतात. तो बिघडला, तर दिवस भरण्याची वाट न पाहता बाळाला बाहेर काढावे लागेल. जेवण झाले की नात कुशीवर पडून बाळाची हालचाल मोजते आणि आम्ही टीव्हीचा आवाज बंद करून बसतो.

दुपारी माझ्या पत्नीने नातीच्या ताटातील दुसरी भाकर हळूच उचलली. "आजी, ठेव तिथं! काहून उचलून राहिली?" नात हसत म्हणाली. "मोठ्या पोरानं बाई अडते," पत्नी पुटपुटली. ते वाक्य तिचे नव्हे, तुझे. तेल्हाऱ्याच्या घरी स्वयंपाकघरात भाकरीचे टोपले मागे ओढून तू हिलाच, पहिल्या गरोदरपणात, सुनावत असायचीस, "अर्दी भाकर पुरे तुले. जास्त खाशीन तं पोट्टं मोठं होईन, मंग अडशीन." इतरांची भाषा मी जन्मभर दुरुस्त केली, तुझे हे शब्द मुद्दाम जसेच्या तसे ठेवतो. प्रमाण मराठीत ते उगाच सौम्य वाटतील. आमचा पहिला मुलगा हडकुळा, ओंजळीत मावेल एवढा जन्मला आणि बारशाआधीच गेला. त्या दिवशी तू शेजारणीला सांगत होतीस, "पण सून कशी अलगद सुटली!" त्या 'पण'साठी मी तुला क्षमा केलेली नाही, करणारही नाही.

संध्याकाळी पत्नीलाही दवाखान्यात नेले. तिने स्वतःच्या कानांनी ऐकावे म्हणून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, तिला पोटभर जेवू द्या. पण बाळ खाण्यामुळं लहान राहिलेलं नाही. वारेतूनच, म्हणजे प्लासेंटातूनच, त्याला कमी पोचतंय." मी विचारले, पूर्वी एखादीला मुद्दाम अर्धपोटी ठेवले असेल, तर? "ते वाईटच, आजोबा. पण त्या बाळाचं नेमकं कारण आता कोण सांगणार?"

पत्नी पदराने डोळे पुसत होती. रात्री तिने नातीला तिसरी भाकर वाढली. हा कागद मी फाडणार आहे. तुझ्यापर्यंत तो तसाही पोचणार नव्हता. एवढेच लिहितो, की डॉक्टरीणबाईंना तो प्रश्न मी दोनदा विचारला. दुसऱ्यांदा तरी त्या तुझे नाव घेतील, अशी मला आशा होती.