सगळी घरं लाल झाली पाहिजेत

सर, तुमचा कॉम्प्युटरचा क्लास होता तिथं आता मोबाईलचं दुकान आहे. खालची पिठाची गिरणी मात्र चालू आहे. तुम्ही गेल्यावर मी बरीच वर्षं तो रस्ता टाळायचे, आता रोज तिथूनच जाते. यंदाच्या पुरात जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, म्हणून लिहायला बसले.

गिरणीचं पीठ जिना चढून वर यायचं आणि कीबोर्डवर बसायचं. क्लास उघडून तुम्ही आधी पंच्यानं सगळे कीबोर्ड झटकताय, आम्ही जिन्यात ताटकळतोय. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मार्कांची एक्सेल शीट करायला दिलीत. मी हुशारी केली. बेरजा कॅल्क्युलेटरवर केल्या आणि उत्तरं नीट टाइप केली. शीट अगदी देखणी दिसत होती. तुम्ही मागून आलात, एका मुलीचे गणिताचे मार्क बदललेत आणि बेरजेकडे बोट दाखवलंत. बेरीज जागची हलली नव्हती. "ह्यो आकडा मेलाय की," तुम्ही म्हणालात. "शेजारी काय झालं ह्येची ह्येला खबरच न्हाय." सगळा क्लास हसला, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तुम्ही स्टूल ओढून शेजारी बसलात आणि समजावलंत, की उत्तर लिहायचं नाही, उत्तर कुठून येतं ते लिहायचं, म्हणजे फॉर्म्युला. वरचा आकडा बदलला आणि खालची बेरीज माझ्या डोळ्यांदेखत बदलली. मी ते पुन्हा पुन्हा करत बसले, तुम्ही करू दिलंत. शीट कुणाचीही असो, तुम्ही तिच्यात आधी एखादा अचाट आकडा टाकायचात आणि काय हलतं, काय नाही ते बघायचात. स्वतःच्या शीटलाही सोडायचा नाहीत. मला तुमचं हे फार आवडायचं.

मी आता कसबा बावड्यात राहते. आमच्या तालमीची मुलं पुरात लोकांना हलवतात, त्यांच्यासाठी मी शीट केली आहे. वरच्या एका सेलमध्ये नदीची पातळी भरायची. खाली एकेक घर, आणि पाणी कुठवर चढलं की त्या घराच्या पायरीला लागतं तो आकडा. नदी त्याच्या जवळ आली की घराच्या नावापुढचा सेल आपोआप लाल होतो आणि 'हलवा' म्हणतो. मुलं लाल घरांकडे धावतात, बाकीच्यांकडे बघायला कुणाला सवड नसते. यंदा नदीच्या वरच्या अंगाला, गगनबावड्याकडे, पाऊस कोसळायला लागला तशी मी तुमच्यासारखाच वर वाट्टेल तो आकडा टाकला, अख्खं गाव बुडेल एवढा. सगळी घरं लाल झाली, एक सोडून. ते नदीकडेच्या मळ्यातल्या काकूंचं. त्यांचे मालक, आमचे काका, अंथरुणाला खिळलेले, म्हणजे ज्यांना सगळ्यांच्या आधी हलवायचं तेच घर पांढरं.

मागच्या पुरात काकू काकांना घेऊन गडमुडशिंगीला बहिणीकडे गेल्या होत्या. तेव्हा कुणीतरी चांगल्या मनानं फॉर्म्युला पुसून तिथं 'गेल्या' असं लिहून ठेवलं होतं. नदी कितीही चढली असती तरी त्या सेलनं 'गेल्या'च म्हटलं असतं. सर, मी तो शब्द पुसला. फॉर्म्युला परत घातला, वर खरी पातळी भरली, आणि सेल लगेच लाल झाला. मुलं पोचली तर काकू ऐकेनात. पाणी दारापर्यंत येतं आणि जातं, त्यात काय एवढं, असं त्यांचं म्हणणं. शेवटी मुलांनी काकांना खाटेसकट उचलून शाळेत आणलं, काकू मागून तोंडाचा पट्टा चालवत आल्या. दुपारी त्यांच्या घरात छातीएवढं पाणी होतं. काकांना तर उठून बसताही येत नाही.

पूर ओसरल्यावर काकू मला भेटायला आल्या. माझा हात धरून त्यांनी विचारलं, हे तुला कुणी शिकवलं. आमच्या सरांनी, मी म्हटलं. "मग त्यास्नी घिऊन ये की जेवायला. तांबडा-पांढरा रस्सा करूया," त्या म्हणाल्या, आणि मी हो म्हणून बसले. आता रस्त्यात दिसल्या की विचारतात, सर कधी येणार. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. तुम्ही नाही आहात, हे माझ्याच्यानं त्यांना सांगवत नाही. परवाही मी म्हटलं, कामात आहेत, येतील.