आई जरा झोपल्यात

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार, आईच्या पाया पडते. मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. माझं स्पॅनिश अजून अडखळतं, पण भाजीवाली आता हसत नाही.

मागच्या आठवड्यात घरमालकीणबाई जिन्यात पडल्या. सत्तरी उलटलेली, घरात आम्ही दोघीच. पायाला प्लास्टर घातलंय. संध्याकाळी परगावच्या लेकीचा फोन आला, तर त्यांनी तोंडावर बोट ठेवून फोन माझ्या हातात दिला. मी म्हणाले, "आई बऱ्या आहेत, जरा झोपल्यात." व्याकरणाची एकही चूक नाही! बाई खूश होऊन म्हणाल्या, "शाब्बास! आता आलं तुला बोलायला."

मला मात्र चैन पडेना, वर्गात लक्ष लागेना. तिसऱ्या दिवशी मीच लेकीला फोन लावला. घाबरून भूतकाळच विसरले आणि "आई पडते, आई पडते" एवढंच म्हणत राहिले. तिला कळलं. काल ती आली. बाई माझ्याशी बोलत नाहीत, पण लेकीचा हातही सोडत नाहीत.

दादा, गेले तीन रविवार मी फोन करते तेव्हा आई झोपलेलीच असते. दुपारी कधी पाठ न टेकणारी आपली आई? आणि वहिनी ते किती सफाईने सांगते!

मी रागावणार नाही, रडणारही नाही. येत्या रविवारी फोन तिच्या कानाशी धर. झोपली असेल तर उठव.

तुझी,
धाकटी