कागदावरचे अकरा लाख

१२ सप्टें.
घराच्या कर्जासाठी गेलो, बँकेनं परत पाठवलं. तीन वर्षांचे इन्कम टॅक्स रिटर्न पाहिजेत. आपण एकही भरला नाही. साहेब म्हणाले, "एकोणीस वर्षं धंदा करताय, मग उत्पन्न कागदावर कुठंय?" महाल भागात कूलरचं दुकान आहे, मोटर वाइंडिंग करतो, कोणालाही विचारा, म्हटलं. त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली.
लता बाहेर बाकावर बसली होती. "मंग फ्लॅटचं?" एवढंच. कोराडी रोडचा, दुसरा माळा. बुकिंगचे एक लाख देऊन बसलो. ऑक्टोबरअखेर कर्जाचं पत्र नाही दिलं तर ते गेले. इकडे घरमालकाच्या पोराचं लग्न, त्याले खोल्या पाहिजेत.

१५ सप्टें.
सीझनचे चार महिने धंदा. बाकी पंखे, मिक्सर, कधी काहीच नाही. गिऱ्हाईक नगदी देते, ते घरात खर्च होते. हे बँकेले कसं दाखवायचं?
बाजूच्या घड्याळवाल्या नानांनी एक नंबर दिला. विकी म्हणून पोरगा, लोकांचे लोन करून देतो.

१८ सप्टें.
विकी दुकानात आला. इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. मले दादा, लताले वहिनी. मागच्या वर्षांचे रिटर्न आता भरता येतात म्हणे.
लतानं विचारलं, "खोटं नाही ना काही?"
"खोटं काहून राहील, वहिनी? दादांचा धंदा हायेच. फक्त बराबर दाखवाचा."
पॅन, आधारच्या झेरॉक्स दिल्या. फीचे पाच हजार.

२४ सप्टें.
धरमपेठेत एका गच्चीवर कूलर उतरवत होतो तर विकीचा फोन. एकामागून एक सात ओटीपी. एका हातात पाना, सांगत गेलो. कशाकशाचे ते वाचले नाहीत.
संध्याकाळी वीसेक सह्या. काही कागद कोरे. माझ्या नावानं नवीन सिम काढलं, ते त्याच्याकडेच ठेवलं. "बँकेचे मेसेज मी पाहतो, दादा, तुम्ही काम करा." बरंच वाटलं तेव्हा.

६ ऑक्टो.
तिन्ही रिटर्न तयार. यंदाचं उत्पन्न अकरा लाख चाळीस हजार.
लतानं कागद वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. "इतके?"
विकी म्हणाला, "सगळेच दाखवतात. हप्ता तर तुम्हीच भरणार ना? मग कोणाचं काय जाते?"
सही केली. कोणी हात धरला नव्हता, हे इथं लिहून ठेवतो.

१४ ऑक्टो.
बँकेचा माणूस चौकशीला आला. दुकानाचे फोटो काढले. जाताना म्हणाला, "आणि तुमचं दुसरं ऑफिस?"
दुसरं नाही, म्हटलं.
"वाडीचं. भंगाराचं." कागद पाहिला, परत माझ्याकडे पाहिलं, आणि गाडी सुरू करून गेला.
विकीले फोन केला. "नाव सारखं असेल कोणाचं तरी. टेन्शन नका घेऊ." आवाज नेहमीसारखा नव्हता. की मलेच तसं वाटलं.

२२ ऑक्टो.
बँकेत बोलावलं. साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. माझ्या पॅनवर भंगार खरेदी-विक्रीची फर्म. मालक मी. जीएसटी नोंदणी सप्टेंबरची. वडिलांचं नावसुद्धा बरोबर.
कर्ज नामंजूर.
विकीचा फोन बंद. नाना म्हणतात, त्यायलेही नंबर कोण्या गिऱ्हाइकानंच दिला होता.

२३ ऑक्टो.
लताले गाडीवर घेऊन शहराबाहेर वाडीले गेलो. बँकेत पाहिलेला पत्ता सापडला. ट्रक-टायरच्या दुकानामागे एक खोली, शटरले कुलूप. वर नवी पाटी, माझं पूर्ण नाव. जन्मात माझ्या नावाची पाटी लागली नव्हती.
शटरवर कर खात्याची नोटीस चिकटवलेली. एका महिन्यात माल न देता एक कोटी नव्वद लाखांची बिलं फाडलेली. मालकानं हजर राहावं.
समोरच्या चहावालीनं विचारलं, "तुम्हीच का ते शेठ? इथं तर कधी माल आलेला पाह्यला नाई."
लता मागून म्हणाली, "चला वं, ताईले काय सांगता," आणि मग स्वतःच जीभ चावली, कारण बाईले म्हणायचं ते वं मलेच म्हणाली होती. एरवी हसलो असतो.

२५ ऑक्टो.
वकिलाकडे. त्यांनी सगळं ऐकलं. "तक्रार द्या. पण पोलीस अकरा लाखांचंही विचारतील. ती सही तुमचीच आहे."
घरी जेवण गेलं नाही. लताले म्हटलं, तक्रार दिली तर मीच अडकतो.
"अन् नाही दिली तर?"
मी ताट उचलून ठेवलं. ती म्हणाली, "सही केली तेव्हा मीबी तिथंच होती ना. मी येतो तुमच्यासंग."

२८ ऑक्टो.
दुकान उघडलं नाही. अकराला ठाण्यात. लता बाजूच्या खुर्चीवर.
सगळं सांगितलं. ओटीपी, सिम, कोरे कागद. अकरा लाखांचंही सांगितलं, तेव्हा हवालदारानं लिहिता लिहिता मान वर केली.
"म्हणजे खोटा कागद देऊन लोन मागितलं तुम्ही."
हो, म्हटलं.
"खरं उत्पन्न किती?"
वर्षाचे अडीच, पावणेतीन लाख. हा आकडा लताशिवाय कोणाले कधी सांगितला नव्हता.
त्यानं लिहिला. मग पेन खाली ठेवला. "रिटर्न म्हणते अकरा. फर्म म्हणते कोटी. तुम्ही म्हणता अडीच. कशावरून?"
मी लताकडे पाहिलं.
सोमवारी कागद घेऊन या, म्हणाला. तोवर नागपूर सोडायचं नाही.
कोणते कागद, ते विचारायचं राहून गेलं.