मेंढ्यांच्या कानाला पटेल असा सायलेन्सर

१२ जानेवारी, सोमवार
काल हुमनाबादच्या सभेत लग्नातल्या डीजेवर पाऊण तास बोलले. टाळ्या भरपूर. आज सकाळी हळ्ळीखेडला घरी येते तर दारात बिरप्पा. वडिलांच्या काळापासून तूर निघाली की याच्या मेंढ्या आमच्या काळ्या रानात पंधरा दिवस बसतात. रानाला खत, त्याच्या घरी ज्वारी.

"भाषण लई झ्याक झालं म्हणं, आक्का. आता तुमच्या माळावरचा डीजे कवा बंद करायलाव?"

माळावरचा डीजे म्हणजे शिवराजचं विमान. माझा धाकटा भाऊ नऊ वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये एका माणसाचं विमान बांधतो आहे. मी टाळ्या घेत होते त्याच वेळी याने इंजिन पहिल्यांदा पूर्ण ताकदीने चालवलं. सायलेन्सर न लावता! शेजारच्या काळ्या रानातला बिरप्पाचा कळप भोवतीचं जाळं तोडून पळाला. एक गाभण मेंढी नाल्यात पडून मेली.

बिरप्पा म्हणाला, कळप खजुरीकडे नेतो, परत येत नाही. कट्ट्यावर दहा-बारा माणसं ऐकत होती. माझं तोंड गप्प बसेल तर ते माझं कसलं. सांगून टाकलं : सव्वीस जानेवारीच्या आत आवाज मेंढी मानही वर करणार नाही एवढा खाली आणते, नाहीतर इंजिन उतरवून भंगारात घालते.

बिरप्पा तोवर थांबायला कबूल झाला. शि. बाजूलाच उभा होता. "आक्का, इंजिन माझं हाय," एवढंच म्हणाला.

१४ जानेवारी, बुधवार
दोन दिवस या इंजिनावर मिळेल ते वाचलं. रोटरी. पिस्टन नाही, आत एक तिकोनी लोखंड गरगर फिरतं. धूर सुटायचं तोंड हळूहळू उघडत नाही, फाटकन उघडतं. म्हणून प्रत्येक फेरीला बंदूक उडाल्यासारखं. आणि धूर इतका तापलेला की नळी भर उन्हात लाल दिसते.

सायलेन्सर बघायला शि.ला घेऊन हुमनाबाद. शिसारी आली. हमरस्त्यावर ओळीने दुकानं, आणि सगळीकडे धंदा एकच : मोटारसायकलचा चांगला सायलेन्सर काढायचा, आतला कोथळा उपसायचा, गाढव ओरडल्यासारखा करून परत लावायचा. एकाने विचारलं, "किती मोट्टा आवाज पायजे, म्याडम?" म्हटलं, कमी पाहिजे. त्याने शि.कडे बघितलं. बाईला बरं नाही का, अशा नजरेने. अख्ख्या बाजारात आवाज वाढवून देणारे डझनभर, कमी करून देणारा एक नाही! या देशाला कान फुटल्याचंही ऐकू येत नाही. (हे सव्वीसच्या भाषणात घ्यावं.)

शेवटी लॉरीचा एक जुना घेतला. घरी वजन केलं. एकोणीस किलो. शि. म्हणाला, "हे नाकाला बांधलं तर शेपूट वर करून उभं ऱ्हाईल. विमान हाय, बैल न्हाई." मग घेताना का बोलला नाहीस? "तू बोलायलीस ना. मधी जागा कुठं व्हती?"

१७ जानेवारी, शनिवार
मोटारसायकलचे दोन हलके, आत काचेचा कापूस भरलेले. सकाळी जोडले. मिनिटभर खरंच छान. मला वाटलं, झालं. चौथ्या मिनिटाला मागच्या तोंडातून पांढरे पुंजके उडायला लागले. तापलेला कापूस! सगळ्या माळावर. पाचव्या मिनिटाला आवाज पहिल्यापेक्षा मोठा.

बांधावर बिरप्पा पोट धरून हसत होता. "आक्का, मेंढ्या म्या कातरतो. हे कामून कातरायलाव तुमी?"

मोबाइल घेऊन उभे असलेल्या रिकामटेकड्यांना हाकललं. नऊ वर्षांत यातल्या एकाने शि.ला पाना धरून दिला नाही. फजिती बघायला मात्र सात वाजता हजर.

१९ जानेवारी, सोमवार
उस्मान मिस्त्री. हुमनाबादच्या कारखान्यांच्या वस्तीत, शेवटच्या शेडमध्ये. वेल्डिंग करतो. ऐकून घेतो, मग बोलतो. असा माणूस या जिल्ह्यात उरला आहे हेच नवल. भट्टीच्या कामाचा पोलादी पत्रा भंगारातून काढला. लांब डबा, आत भोकं पाडलेली आरपार नळी. सहा किलो. शि. खूश.

संध्याकाळी चालवून बघितला. बंदूक गेली, ट्रॅक्टर राहिला. मेंढ्या उठल्याच. पळाल्या नाहीत, पण उठल्या.

मी म्हटलं, अजून कमी करा. मिस्त्री म्हणाला, आत आडव्या पट्ट्या घातल्या तर आवाज अडेल, पण धूरही अडेल. "नक्को आपा, इसका गला मत दबाओ." शि. : "आवाज दाबला की इंजिनाचा जीव बी दबतोय. एवढ्यावर ऱ्हाऊ दे."

अर्धा तास बोलले. वचन, गाव, मेलेली मेंढी, सगळं काढलं. दोन पट्ट्या घालायचं ठरलं.

२० जानेवारी, मंगळवार
यश! पट्ट्यांसह चालवलं. मेंढ्या रवंथ करत बसलेल्या. एकीने मान वर केली, परत खाली. बिरप्पा म्हणाला, "व्हय, जमलं की." कट्ट्यावर जाऊन सांगून आले. जरा जास्तच सांगितलं.

शि. म्हणाला, इंजिन ओढत नाही. मी म्हटलं, तुझे कान आवाजाला सोकावलेत.

२२ जानेवारी, गुरुवार


उडायचा परवाना दिल्लीहून यायचा आहे, तोवर विमान माळाच्या मुरमाड धावपट्टीवर नुसतं पळवायचं. आज पहिल्यांदा पूर्ण वेगात. शि. आत, मी बांधावर. अर्ध्या वाटेत आवाज एकदम घोगरा झाला, घसा बसलेल्या माणसासारखा, आणि ताकद गेली. शि.ने बंद केलं. नाल्याच्या अलीकडे तीस-चाळीस पावलांवर थांबलं.

मिस्त्रीने डबा कापला. एक पट्टी तापून जोडावरून सुटली होती आणि धुराच्या तोंडावर आडवी बसली होती. झाकणासारखी.

आज चाकं जमिनीवर होती. परवाना आला असता तर याच वेळी शि. गावाच्या कौलांवर असता.

मिस्त्रीने पट्टी माझ्या हातात दिली. "प्लेटां मैं नक्को बोला था, आपा." आवाज चढवला नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार
दिवसभर स्वतःची किळस. लोकांच्या लग्नात, जत्रेत, सभेत जाऊन आवाज कमी करा म्हणून ओरडणारी मी. मिस्त्री नको म्हणत होता. भाऊ नको म्हणत होता. इंजिनसुद्धा सांगत होतं, आणि ते फक्त त्याला ऐकू येत होतं. दोघांनाही माझं पटलं नव्हतं. ते फक्त थकले होते. चाळीस वर्षं मी याला जिंकणं म्हणत आले. किती सभांत असं झालं असेल!

मिस्त्रीने दोन्ही पट्ट्या काढल्या. परत साधा डबा, आरपार नळी. शि.ने चालवला. ताकद आली. ट्रॅक्टरही आला. मेंढ्या उठल्या.

म्हणजे वचन मोडलं. पट्ट्या नकोत, हे मीच सांगितलं. शि. म्हणाला, "इंजिन भंगारात घालतीस का मग?" थट्टा नव्हती.

२५ जानेवारी, रविवार
दुपारी बिरप्पाकडे गेले, कळपात. बोललेलं परत घ्यायला आयुष्यात पहिल्यांदा. जाताना चार वाक्यं जुळवली होती, एकही आलं नाही. म्हटलं, "बिरप्पा, आवाज याहून कमी होत नाही. कमी केला तर शिवराज मरेल. मी चुकीचं बोलले."

त्याने ज्या पिल्लाचे खूर बघत होता ते खाली ठेवलं.

"शिवाआप्पाला लागलं न्हाई ना?"

नाही म्हटलं.

"मंग बसा की." दुसरं पिल्लू ओढून घेतलं. मग म्हणाला, "बिदरकडची शिकाऊ विमानं डोक्यावरनं जात्यात, मेंढ्या बघत बी न्हाईत. मेंढीला आवाजाचं भ्या न्हाई, आक्का. एकदम आलेल्याचं भ्या हाय. तुमी पंधरा दिवस डबे बदलायलाव. मेंढीला कुणी इचारलं?"

त्याने पिल्लू कळपात सोडलं.

"उद्या सकाळी लावा. बारीक. म्या त्यांच्या म्होरं उभारतो. हात वर करंल तसं वाढवा. बसल्या तर बघू. उठून पळाल्या तर मातर खजुरी. मंग मला बोलायला येऊ नका, तुमच्या बोलण्यात माणूस गावतंय."

शि.ला सांगितलं. डब्याचे बोल्ट तो दोनदा तपासून आला.

२६ जानेवारी, सोमवार
सकाळ. वही घरी राहिली. बांधावर बसून भाषणाच्या कागदामागे लिहिते आहे. भाषण दहाला. विषय तोच.

शि. आत बसला आहे. इंजिन बारीक चालू. बिरप्पा कळपासमोर घोंगडं पांघरून उभा, नेहमीसारखी मेंढ्यांना हाक देतो आहे, हॅर्र हॅर्र. बसल्या आहेत. त्याने हात थोडा वर केला. शि.ने वाढवलं. बसल्या आहेत.

अजून वर. पुढच्या चार उठल्या. मग दहा. हाक चालू.

आता सगळ्या उभ्या. पळाल्या नाहीत, बसतही नाहीत. बिरप्पाच्या तोंडाकडे बघताहेत. त्याचा हात हवेत थांबला आहे, पंजा उघडा. वाढवा म्हणतो की पुरे म्हणतो, इथून कळत नाही.

शि.ने काचेतून माझ्याकडे बघून भुवया उडवल्या : काय म्हणतोय?

मी मान हलवली. मला कळत नाही, आणि आज मी ओरडून ठरवणार नाही.

हात अजून तसाच आहे.