ओठावरची नागीण

७ मार्च १९९८
परत ओठावर फोड. खालच्या ओठावर, नेमका बासरी टेकते तिथंच. रेडिओची ऑडिशन एप्रिलमध्ये. मागची याच्यापायीच हुकली. आईचं नेहमीचं, "उष्णता झालीय, सब्जा खा." खाल्ला.

९ मार्च
त्वचेच्या डॉ. बाईंकडे. हर्पीस म्हणाल्या. विषाणू अंगातच दबा धरून बसतो. ऊन, ताप, काळजी झाली की डोकं वर काढतो. कायमचा जात नाही. "पण चुरचुर सुरू झाली की लगेच गोळी. फोडाची वाट बघायची नाही." उन्हात जाताना ओठांना मलम. टॉवेल, कप वेगळा. फोड असेतो दादाच्या छकुलीचा पापा बंद. हे फार जड जाणार.
घरी येऊन सांगितलं तर बाबांनी जाडा कोश काढला. हर्पीस : नागीण. झालं!

१० मार्च
आत्या सटाण्याहून आलेलीच आहे. "हाई नागीणच शे. तिन्हीसांजे बासरी वाजाडस, म्हणीसन उनी." बासरी ऐकून आली म्हणे. उपाय : त्र्यंबकला नागबळी, आणि बासरी कायमची माळ्यावर. बाबांनी मान डोलावली. अंगावर उठते ती नागीण वेगळी, म्हटलं. डॉ. बाईंना विचारा, म्हटलं. बाबांचं एकच, "कोशात छापलंय ते खोटं का?"
संताप संताप झाला. माझा ओठ आहे, बाबांचा कोश नाही.

१३ मार्च
बासरी गायब. आईला विचारलं. तिनं तांदळाच्या डब्यातून काढून हातात दिली.

१९ मार्च
खपली पडली. छकुलीचे पोटभर पापे. तिन्हीसांजेला मुद्दाम गच्चीवर यमन. साप आला नाही. आत्या आली.

२ एप्रिल
बाबा त्र्यंबकहून मुहूर्त घेऊन आले. पाच तारीख. ऑडिशनही पाचलाच, त्यांना ठाऊक होतं.
"तुझ्याशिवाय पूजा कशी होणार?"
"मग नका करू."
जेवण तसंच राहिलं. दोघांचंही.

४ एप्रिल
सकाळपासून ओठ चुरचुरतोय. गोळी सुरू केली. आरशात अजून काही नाही. आत्याने हेरलंच, "देख, कोप व्हयना." कोप कसला, काळजीनं येतो, आणि काळजी घरातच पाट मांडून बसलीय.
बासरी जरा डावीकडे सरकवून फुंकून पाहिली. तार सप्तक फाटतं, मधलं टिकतं. मधल्यातच वाजवीन. फोड आला तर फोडासकट.
बाबांनी त्र्यंबकची जीप उद्या सकाळी सातला सांगितलीय. माझी बस पावणेसातची.