अर्धी ओळ

३ एप्रिल, बुधवार

हजच्या यादीत माझं नाव आलं! आमच्या जिल्ह्याला चाळीस जागा, मी चाळिसावा. शेवटचा — पण आत. सात वर्षं रांगेत होतो. ऐकून बायको, बुरुल, पिठाच्या हातांनीच रडली. नमाजाला एवढी कधी रडली नव्हती.

४ एप्रिल

सुयुमकान अपा आमच्या कचेरीत आल्या. वडीलधाऱ्या बाईला आम्ही अपाच म्हणतो. वय एक्याऐंशी. यादीत नाव नाही. "अर्जाच्या दिवशी माझ्या पुढे बेइशेन, मागे त्याची मेहुणी. ती दोघं निघाली मक्केला, आणि मी काय मधेच विरघळले, साखरेसारखी?"

सगळे हसले. मीही. पण यादी लावणारा संगणकाचा प्रोग्राम मीच लिहिलेला. चहा तसाच ठेवून संगणक उघडला.

५ एप्रिल, शुक्रवार

सापडलं. आमचा संगणक जुना, राजधानीहून येणारा अर्जदारांच्या नावांचा मजकूर त्यात एकदम मावत नाही. म्हणून माझा प्रोग्राम तो तुकड्यातुकड्यानं वाचतो — चार-चार हजार अक्षरं. पण तुकडा संपला म्हणजे ओळ संपली असं नसतं! उरलेली अर्धी ओळ जपून पुढच्या तुकड्याला जोडायची असते. मी ती खराब समजून टाकून देत होतो. एका तुकड्याच्या शेवटी "सुयुम", दुसऱ्याच्या सुरुवातीला "कान". दोन्ही टाकले.

अल्लानं पाठवलेलं माणूस, आणि मी कचरा म्हणून झाडलं.

७ एप्रिल

दुरुस्ती चार ओळींची. झाली. पण चालवून पाहिलं नाही. अपांचा नंबर माझ्या वरचा. जागा चाळीसच.

८ एप्रिल

साहेबांना, एसेनगुलला, सांगितलं. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, मनानं चांगला; मला बाइके, म्हणजे थोरला भाऊ, म्हणतो. दार लोटून म्हणाला, "बाइके, कुणाला कळणार आहे? म्हातारीला पुढच्या वर्षी पाठवू."

पुढच्या वर्षी! एक्याऐंशी वर्षांच्या बाईला!

"मला कळलंय ना," एवढंच म्हणालो. त्यानं लोटलेलं दार पुन्हा उघडलं. मग म्हणाला, "चालवा."

९ एप्रिल

पहाटेच्या नमाजानंतर चालवलं. अपा तेविसाव्या, मी एकेचाळिसावा.

बुरुलला सांगितलं. तिनं भाकरी मोडून माझ्यापुढे ठेवली.

१० एप्रिल

नवी यादी लावली. अपांचा चष्मा घरी राहिलेला, म्हणून मीच वाचून दाखवली. त्यांनी नाव दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "माझ्यापायी कोण गळालं रे? त्याच्यासाठी दुआ मागते."

"आहे एक जण," म्हणालो. "मागा, अपा."